रघूची जोडकार्डे

बुधवारी संध्याकाळची गाडी पुण्याहून चिंचवडला आली, की स्टेशनापासून गावातल्या माझ्या खोलीपर्यंत चालत यायला रघूला वीस-पंचवीस मिनिटे लागत. त्या हिशेबाने मी चहाचे आधण ठेवीत असे. त्या बुधवारी पाणी उकळून आटले, मी पुन्हा घातले, तेही आटत आले, तेव्हा दारात पावले वाजली. ती रघूची नव्हती. एक अनोळखी गृहस्थ चपला न काढता उंबऱ्याशी उभे होते. "मास्तर ते तुम्हीच ना? मी गोरे. रघुनाथराव आणि मी एकाच कचेरीत. ते दर बुधवारी इथं उतरायचे, म्हणून आज मी उतरलो..." मग एका दमात म्हणाले, "काल दुपारी लिहिता लिहिता टेबलावरच मान टाकली त्यांनी. संध्याकाळी तळेगावला नेलं. आज सकाळी सगळं आटोपलं." मी त्यांना आत बसवले आणि रघूसाठी ठेवलेला चहा दिला. तो त्यांनी प्याला आणि पुढच्या गाडीसाठी ते निघून गेले. बशीत सांडलेला थेंब वाळेपर्यंत मी तसाच बसून होतो.

याला आता सहा आठवडे झाले.

रघू आणि मी तळेगावच्या शाळेत एका बाकावर बसलो. मी पुढे मास्तर होऊन चिंचवडला आलो. तो पुण्यातल्या एका कचेरीत कारकून झाला, पण राहिला तळेगावातच. रोजची जा-ये, त्यासाठी महिन्याचा रेल्वेचा पास. त्या पासाचा त्याला फार अभिमान. "लोकांकडे जमिनी असतात, आपल्याकडे तळेगाव ते पुणे हा आख्खा रूळ आहे," असे तो म्हणे. मी मुळात घुमा, पुस्तकात डोके घालून बसणारा. आमच्या भेटी कधी लग्नात, कधी एखाद्या सणाला, एवढ्याच होत. मी आजारी पडलो नसतो तर त्या तेवढ्याच राहिल्या असत्या.

पाच वर्षांपूर्वी मला क्षय झाला. तो शब्द नुसता उच्चारला तरी माणसे पदर नाकाला लावीत, असे ते दिवस होते. शाळेने अर्ध्या पगाराची रजा दिली. सहशिक्षक रस्त्याच्या पलीकडून हात करीत. घरमालकीण तान्हाबाई, इथल्या जुन्या शेतकरी घरातल्या, त्यांनी खोली सोडा म्हटले नाही हे त्यांचे उपकार. पण भाकरीचे ताट त्या ओट्यावर ठेवून हाक मारीत आणि मी दार उघडायच्या आत वळलेल्या असत. तळेगावच्या डॉक्टरांनी सुया आणि पूड लिहून दिली. ती पूड इतकी कडू की नुसत्या आठवणीने आजही जीभ आत जाते. डॉक्टर म्हणाले, "औषध नवं आहे, गुणाचं आहे, महाग आहे. पण एक लक्षात ठेवा, मधेच सोडलंत तर न घेतल्यापेक्षा वाईट." पुण्यातल्या मोठ्या रस्त्यावरच्या दुकानातला भाव विचारून मी घरी आलो आणि माझ्याजवळच्या शिलकीला त्याने भागून पाहिले. पैसे दोन तृतीयांश औषधापुरते होते. म्हणजे मी नेमका मधेच सोडणाऱ्यांपैकी ठरणार होतो. हे मी कोणाला सांगितले नाही. सांगण्यासारखे कोणी नव्हतेच.

रघूला कुठून कळले देव जाणे. एका बुधवारी तो सरळ आत येऊन माझ्या कॉटवर बसला. मी म्हटले, "अरे, लांब बस." तो म्हणाला, "कचेरीत साहेबाजवळ बसतो, त्याच्यापेक्षा तू बरा. चिठ्ठी दाखव." चिठ्ठी त्याने दोनदा वाचली, माझी भागाकाराची वही पाहिली आणि विचारले, "हा भाव किती दुकानांत विचारलास?" मी म्हटले, एका. त्याने कपाळाला हात लावला. "वा रे मास्तर! दोन आण्यांची मेथी घेताना तान्हाबाई तीन टोपल्या उलथ्यापालथ्या करतात, आणि तू जिवाचं औषध पहिल्याच दारात घेतोस?"

दुसऱ्या दिवशी तो डॉक्टरांकडे गेला. चिठ्ठीवर होते ते एका कंपनीच्या डब्याचे नाव. रघूने विचारले, "डॉक्टर, याला बारशाचं नाव असेल ना? पुस्तकातलं? तेवढं लिहून द्या." डॉक्टर हसले आणि त्यांनी लिहून दिले. त्या एका नावाने आमचे अर्धे काम झाले. तेच औषध साध्या पत्र्याच्या डब्यात, दुसऱ्या कंपनीचे, पुष्कळ कमी भावात मिळत होते. मग रघूने पोस्टातून जोडकार्डे आणली. ही दोन कार्डे एकमेकांना जोडलेली असतात. एकावर आपण प्रश्न लिहायचा, दुसऱ्यावर आपला पत्ता घालून ते उत्तरासाठी कोरे सोडायचे, त्याचा टपालखर्च आधीच भरलेला. पुण्यातल्या, मुंबईतल्या, लोणावळ्याच्या दुकानांना त्याने ती पाठवली. समोर गिऱ्हाईक उभे असले की दुकानदार तोंड पाहून भाव सांगतो, पण कार्डावर लिहायचे म्हटले की विचार करून लिहितो, असा त्याचा सिद्धांत. उत्तराच्या भागावर पत्ता माझा. ते पत्ते तो गाडीतच एकगठ्ठा लिहून ठेवी, त्यामुळे अक्षर रुळांवरच्या हेलकाव्यांनी उजवीकडे कललेले असे. उत्तरे माझ्याकडे जमत, बुधवारी तो ती खेळातल्या पत्त्यांसारखी कॉटवर मांडी आणि जिंकलेले उचलून खिशात घाली.

पण त्याचा एक नियम होता. पहिल्या आठवड्याचे औषध त्याने त्या महागड्या दुकानातूनच, आहे त्या भावाने आणले होते. मी कुरकुरलो तर म्हणाला, "आधी औषध अंगात, मग भाव. कार्डं येईस्तोवर तुझे जंतू काय ओट्यावर थांबणार आहेत?"

एकदा तो फसलाही. पुण्याच्या एका पेठेतल्या दुकानात सुईच्या बाटल्या फारच स्वस्त मिळाल्या, म्हणून त्याने बारा घेतल्या. गावातला सुया टोचणारा कंपाउंडर बाटली उजेडात धरून म्हणाला, "तारीख संपलीय हो हिची." रघूचा चेहरा इतका पडला की मलाच त्याची समजूत घालावी लागली. तो परत गेला, दुकानदार ऐकेना. ते पैसे बुडाले आणि त्याने ते मला कधीच भरू दिले नाहीत. त्यानंतर कार्डावर भावाच्या आधी तारखेचा प्रश्न आला. पिंपरीच्या निर्वासितांच्या वसाहतीत एक सिंधी दुकानदार होता. तो रघूला पाहिले की हात जोडी. "बाबूजी, तुम्ही औषध घ्यायला येता की माझी परीक्षा घ्यायला?" रघू म्हणे, "परीक्षा. आणि आज पास झालात तर घेणार." शेवटचे चार महिने आमचे औषध त्याच्याकडूनच आले. अखेरची सुई घेतली त्या दिवशी माझ्या शिलकीत थोडेसे उरलेही होते. त्यातून आम्ही पेढे आणले, आणि त्या दिवशी तान्हाबाईंनी प्रथमच पेढा माझ्या हातातून घेतला.

मी बरा झालो, शाळेत रुजू झालो, तरी बुधवार सुटला नाही. गावात कोणाकडे लांबणारे आजारपण निघाले की चिठ्ठी माझ्याकडे येई आणि रघूचे कार्ड सुटे. तान्हाबाई विचारीत, "मास्तर, आज बुधवार हाय न्हवं? त्ये कारडवालं पाव्हणं अजून आलं न्हाई?" पिंपरीला औषधांचा मोठा कारखाना झाला, तेव्हा हा गृहस्थ सरळ फाटकावर जाऊन भाव विचारून आला. पहारेकरी म्हणाला, "राव, हितं किरकोळ न्हाई मिळत. वॅगन भरून पायजे का?" रघूने गंभीरपणे विचारले होते, "वॅगनला काय भाव?" नवे पैसे सुरू झाल्यावर काही दुकानदार आण्यांत लिहीत, काही नव्या पैशांत, आणि रघू कॉटवर बसून बोटांवर आकडे जुळवताना स्वतःशीच पुटपुटत असे. त्या खोलीत दुसऱ्या माणसाचा आवाज असायचा तो तेवढाच.

आता जे लिहायचे आहे त्यासाठी इतके दिवस थांबलो होतो.

तो जाण्याच्या आठ दिवस आधी एक कार्ड आले. कसल्याशा गोळ्यांचा शंभराचा भाव होता. नाव ओळखीचे नव्हते. असेल कोणाचे तरी, असे म्हणून मी ते वाचत असलेल्या पुस्तकात खुणेला घातले. त्या बुधवारी कचेरीतल्या कामामुळे रघू आला नाही. मला वाटले, पुढच्या बुधवारी देऊ. आणि पुढच्या बुधवारी गोरे आले.

दहाव्याला तळेगावला गेलो, तेव्हा वहिनींनी त्याच्या कोटाच्या खिशात सापडलेली एक चिठ्ठी दाखवली. डॉक्टरांची, तो जाण्याच्या तीन आठवडे आधीची. वर रघूचे नाव. औषध माझ्या पुस्तकातल्या कार्डावरचेच. "हे कशाचं हो, भावोजी?" वहिनींनी विचारले. "मला तर काहीच बोलले नाहीत." मी डॉक्टरांना विचारून आलो. रक्तदाबाच्या गोळ्या होत्या. एकही गोळी त्याने घेतलेली नव्हती. माझ्यासाठी जो नियम त्याने केला, तो स्वतःला लावायचा राहून गेला. भावाची वाट पाहत बसला होता, आणि भाव माझ्या पुस्तकात होता... दुसरी दोन कार्डे तो गेल्यानंतर आली. डॉक्टर म्हणाले, "आठ-पंधरा दिवसांनी फरक पडला असता की नाही, मी सांगू शकत नाही. तुम्हीही ठरवू नका." मी ठरवीत नाही. फक्त ते कार्ड ज्या पानावर आहे, त्याच्या पुढचे पान अजून वाचलेले नाही.

निघताना वहिनींनी सुतळीने बांधलेला एक गठ्ठा हातात दिला. "यांवर तुमचा पत्ता आहे, म्हणून तुमचीच." नऊ कोरी जोडकार्डे होती. प्रश्नाचा भाग रिकामा. उत्तराच्या भागावर, नऊच्या नऊंवर, गाडीत लिहिलेला, उजवीकडे कललेला माझा पत्ता. वाटले होते, ही पेटीत ठेवावीत, कधी काढून पाहावीत. पण मागच्या महिन्यात तान्हाबाई दारात आल्या. सुनेला फेफऱ्याच्या गोळ्या कायमच्या लिहून दिल्या होत्या. "मास्तर, आता त्ये पाव्हणं न्हाईत. आमी कुनाला इचारायचं?" मी आधी पिंपरीला जाऊन आठवड्याच्या गोळ्या आणल्या, आहे त्या भावाने. त्या सिंधी दुकानदाराने चिठ्ठी घेतली, माझ्या मागे कोणी आहे का ते पाहिले, आणि गोळ्या मोजून दिल्या. घरी येऊन मी सुतळी सोडली.

आतापर्यंत चार कार्डे गेली आणि चारही उत्तरे आली. काल पाचवे टाकले. प्रश्नाच्या भागावर आधी तारीख विचारली, मग भाव. पुढच्या बुधवारपर्यंत उत्तर यावे. पोस्टमन ते नेहमीप्रमाणे दारातूनच आत टाकील, आणि वर माझे नाव रघूच्या अक्षरात असेल.