वडेवाल्या अबेनीची तसबीर

इलेशा गावात लासिसीच्या फोटो स्टुडिओत येणारा माणूस घरून फक्त चेहरा आणायचा. घड्याळ, चष्मा, बंद पडलेला रेडिओ, बाकी सगळं लासिसीचं. पडद्यावर रंगवलेल्या विमानापुढे गावचे सुतार-शिंपी वैमानिकाच्या ऐटीत उभे राहत. तीस वर्षं लासिसीने हा पोकळ डौल टिपला, त्यावर घर बांधलं आणि गिऱ्हाइकांची मनसोक्त टिंगल केली.

पण आकिनसोलासारखा नमुना त्यालाही नवा होता. देशात तेलाचा पैसा आला तसा हा लागोसला ठेकेदार झाला. त्याची आई अबेनी स्टुडिओसमोरच चवळीचे वडे तळायची. पोरगा कधी फिरकला नाही. ती गेल्यावर मात्र मोटारीतून उतरला. मर्तिकाच्या मिरवणुकीत पुढे न्यायला त्याला आईची मोठी तसबीर हवी होती.

"आहे माझ्याकडे," म्हणत लासिसीने फोटो दाखवला. कढईमागे बसून बोळक्या तोंडाने हसणारी अबेनी.

"ही वडेवाली? माझे पाहुणे काय म्हणतील? मोरेनिके मावशीला भारी लेसचा पोशाख चढवून खुर्चीत बसव. सख्ख्या बहिणीच त्या, कोणाला कळतंय?"

"मावशी जिवंत आहे, साहेब. मिरवणुकीत स्वतःच्याच तसबिरीमागे नाचेल ती."

"तुला फोटो काढायला सांगितलंय. अक्कल पाजळू नकोस."

मावशी बसली. कॅमेऱ्यापुढे तिचे डोळे भरले. "लासिसी, तिच्याच मर्तिकात तिचं तोंड नको झालंय रे त्याला."

लासिसीचं डोकं फिरलं. जन्मभर त्याने खोटं विकलं होतं, पण मेलेल्या बाईचा चेहरा पुसण्याइतका तो हलकट नव्हता.

मिरवणुकीला तसबीर कापडाने झाकून आली. गावच्या राजाच्या वाड्यासमोर ढोल थांबले, कापड निघालं. माणसाएवढी अबेनी, पुढ्यात कढई. बाजारच्या बायकांनी "अबेनी!" म्हणून एकच हाक मारली.

आकिनसोलाचं तोंड उतरलं. ही माझी आई नव्हे, असं साऱ्या गावापुढे म्हणायची त्याची छाती झाली नाही. आईच्या तसबिरीपुढे मुलाने लोटांगण घातल्याशिवाय ढोल पुढे सरकत नाहीत. सगळे खोळंबले. पांढरा लेसचा झगा सावरत तो कसाबसा गुडघ्यांवर बसला आणि तिथंच थांबला.

मावशी त्याच्यापाशी गेली. "बायकांसारखे गुडघे काय टेकतोस, मेल्या? पालथा पड. आई आहे ती तुझी."