जलील सरांची शिस्त

एखाद्याचा प्रोग्राम चालला नाही, की जलील सर खुशीत टाळी वाजवायचे. "सापडली का गलती? चालू व्हायच्या आधीच सापडली!" धाराशिवच्या एका कॉलेजात आम्ही दोघं संगणक शिकवायचो. ते विभागप्रमुख, मी नवखी.

पहिल्या वर्षाला कोणती भाषा शिकवायची, यावरून आमचा दरवर्षी वाद होई. मी म्हणायचे, इंटरप्रिटरवाली घेऊ, एक ओळ लिहिली की लगेच उत्तर मिळतं. सर मात्र कम्पाइलरचे कट्टर. कम्पाइलर आधी सगळा प्रोग्राम तपासतो, साधा अर्धविराम राहिला तरी काहीच चालू देत नाही. तेच त्यांना आवडायचं. "तुमच्या भाषेत चूक दडून बसती मॅडम, ती ओळ येईपर्यंत पत्ता लागत न्हाय. लेकरांना आधी शिस्त लागली पाहिजे." शेवटी त्यांचंच चालायचं.

एका वर्षी बेंबळीहून सविता नावाची मुलगी यायची. घरी संगणक नाही, त्यात इंग्रजीची धास्ती. तास संपला तरी तिच्या पडद्यावर नुसत्या चुकांच्या ओळी. मागून जाताना सर म्हणत, "सबूर, सविता. पुन्हा तपास." दिवाळीनंतर ती आलीच नाही. शेतात काम असेल, असं सरांना वाटलं. मग तिच्या मैत्रिणीने सांगितलं, "सर, ती म्हणती, मी ढ हाय."

दुसऱ्याच दिवशी सर मला घेऊन एसटीने बेंबळीला गेले. सविता ओसरीत ब्लाऊज शिवत होती. वडील म्हणाले, "आमी न्हाय अडवलं तिला, सर. तीच म्हणाली, डोक्यात शिरंना."

सरांनी लॅपटॉप उघडला. त्यात मी म्हणायचे तीच भाषा होती. सविताने एक ओळ लिहिली, खाली लगेच तिचं नाव उमटलं. दुसरी चुकली, ती तिने स्वतःच सुधारली आणि हसली. मग हसू मावळलं.

"हे आधी का न्हाय दाखवलं, सर?"

सर वडिलांसमोरच म्हणाले, "गलती माझी हाय, बाळ. तू ढ न्हायस. परत ये."

"आता शिवणात हात बसलाय," ती म्हणाली आणि तिने मशीन सुरू केलं.

परतीच्या एसटीत सर म्हणाले, "शिस्त शिस्त करत राहिलो. लेकरू दिसलंच न्हाय मला." तिची रिकामी जागा मीही रोज पाहत होते.

पुढच्या वर्षीपासून त्यांनी आधी इंटरप्रिटर आणि मग कम्पाइलर शिकवायला घेतला. मुलं टिकू लागली. कुणी कौतुक केलं, की सर ओशाळून विषय बदलत.

त्यांच्या निरोप समारंभात एका नव्या प्राध्यापकाने विचारलं, "सर, दोन्हीतलं आधी काय शिकवावं?" आता सर रंगात येऊन बोलणार, असं सगळ्यांना वाटलं.

"समोर कोण बसलंय, ते आधी बघा," सर म्हणाले. "मी बघितलं न्हाय."

आणि हार घालायच्या आतच ते खाली बसले.