कच्च्या मुरमाची कड

मी घर सोडलं त्या सकाळी माझी बॅग बाबांच्या सायकलच्या कॅरिअरला सुतळीने बांधलेली होती, आणि तरीही आम्ही दोघं चालतच होतो. आमचं गाव भोरच्या पुढे, नीरेच्या खोऱ्यात. गावापासून फाट्यापर्यंतचा रस्ता नदीच्या कडेने जायचा आणि त्यावर आदल्याच दिवशी नवा मुरूम पसरला होता. रोलर अजून फिरायचा होता. बाबा बांधकाम खात्यात मुकादम होते; त्या रस्त्यावरची मैलकुलींची टोळी त्यांच्या हाताखाली काम करायची. हँडल हातात धरून ते गवतातून, रस्त्याच्या अगदी कडेने चालत होते आणि मी त्यांच्या मागे. एसटी चुकेल, असं मी दोनदा म्हणालो. दुसऱ्या वेळी ते मागे न बघता म्हणाले, "कच्च्या मुरमावर चाक घालायचं नाही. चाकोरी पडते. ज्यांनी पसरलाय त्यांचा दिवस वाया जातो."

एसटी चुकली. पुढची येईपर्यंत आम्ही फाट्यावरच्या दगडावर बसलो. समोर रायरेश्वराचा माथा होता. बाबा फार बोलणारे नव्हते, मीही नाही. पण त्यांच्याजवळ इतका वेळ नुसता बसून राहिलोय, असं त्याआधी कधी झालं नव्हतं आणि नंतरही झालं नाही. नोकरीसाठी कतारला, दोहात उतरलो तेव्हा माझ्या बुटांवर तांबडी माती होती. कंपनीच्या बसमध्ये मी ती पुसली. का पुसली, असं पुढे बऱ्याच वेळा वाटलं.

इथे मी रस्ते बांधणाऱ्या एका कंपनीच्या ऑफिसात कागदपत्रं सांभाळतो. सुरुवातीची वर्षं इंडस्ट्रियल एरियातल्या खोलीत काढली, नंतर मंजिरीशी लग्न झालं, ती इथे आली, फ्लॅट घेतला. रस्त्याला लागणारी टणक काळी खडी इथे मिळत नाही. इथला दगड चुन्याचा, पांढरट आणि ठिसूळ. काळी खडी जहाजातून येते. हे बाबांना फोनवर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे खडीसुद्धा तुमच्यासारखीच. बसते का नीट?" बसते, म्हणालो. "दाबली नीट तर बसते. खडीला गाव नसतं." हे ते माझ्या समाधानासाठी म्हणाले की खरंच खडीबद्दल, ते मी विचारलं नाही.

सुहास, माझा भाऊ, नऊ वर्षांनी धाकटा. मी गेल्यावर दोनेक वर्षांत त्या रस्त्यावर डांबर पडलं, त्यामुळे तो कॉलेजला गेला तो डांबरावरून. पुढे तो ऑस्ट्रियात गेला, इन नदीच्या खोऱ्यात, इन्सब्रुकजवळ. तिथे त्याने ग्रॅव्हल बाइक घेतली. जाड टायरची, खडीच्या वाटांवर चालणारी सायकल. दर रविवारी तो मला त्याचा रूट पाठवतो. नकाशावर एक निळी रेघ नदीबरोबर वळत जाते. रेघेखाली चढ-उताराचा आलेख असतो आणि त्याखाली फोटो: दुधाळ हिरवं पाणी, कापलेल्या गवताच्या गंजी, गावोगावी लाकडी पन्हळीतून वाहणारं थंड पाणी, आणि मागे बर्फाचे डोंगर, एकामागे एक, कुणी मुद्दाम मांडून ठेवल्यासारखे.

मीही सायकल घेतली. थंडीच्या दिवसांत शुक्रवारी पहाटे गाडीत घालून दोहाच्या उत्तरेला, समैस्माला नेतो आणि समुद्राकडेच्या कच्च्या वाटेवर चालवतो. एका बाजूला तिवरं, दुसऱ्या बाजूला सपाट वाळू. माझ्या रूटचा आलेख म्हणजे कुणीतरी पट्टी ठेवून ओढलेली रेघ. सुरुवातीला मी तो सुहासला पाठवायचो. मग पाठवणं बंद केलं.

त्याचे फोटो बघताना मला जे वाटायचं त्याला मी बरीच वर्षं कौतुक म्हणत आलो. ते कौतुक नव्हतं. घरातून आधी निघालो मी, आणि डोंगर मात्र मिळाले त्याला. आम्ही दोघांनी एकच नदी सोडली आणि त्याला तिच्याऐवजी दुसरी नदी मिळाली. जे मागे राहिलात त्यांना हे क्षुल्लक वाटेल. जे माझ्यासारखे निघालात, त्यांना ठाऊक असेल की परदेशात मत्सर मोठ्या गोष्टींचा वाटत नाही. तो सावलीचा वाटतो, चढाचा वाटतो.

आणि मग बाबा त्याच्याकडे गेले. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच ते गाव सोडून कुठे निघाले होते. पासपोर्ट काढला तेव्हा ठरलं होतं की उन्हाळ्यात सुहासकडे आणि थंडीत माझ्याकडे, कारण उन्हाळ्यात दोहात त्या वयाच्या माणसाला आणायचं कशाला. हे मीच सुचवलं होतं. तिथून त्यांचा फोन आला. आवाज तरुण झाला होता. "आपल्यासारखंच आहे रे इथे. फक्त डोंगर पांढरे." त्या रात्री मी नीट जेवलो नाही. कतारला ते 'आपल्यासारखं' कधीही म्हणणार नव्हते. मी त्यांना काय दाखवणार होतो? मॉल, समुद्राकाठचं कॉर्निश, आणि माझा सपाट रस्ता.

थंडी यायच्या आधीच बाबा गेले. गावात, झोपेत. डॉक्टर म्हणाले, हृदय. मी चार तासांच्या विमानाने पोहोचलो, अग्नी दिला. सुहास तिसऱ्या दिवशी आला.

त्यानंतर त्याने मला एक व्हिडिओ पाठवला. बाबा त्याच्या बायकोच्या सायकलवर, नदीकाठच्या खडीच्या वाटेवर, डोक्याला हेल्मेट, मागे डोंगर. ते हसताहेत. मग एका वळणाच्या पुढे ते उतरतात आणि सायकल हातात धरून कडेच्या गवतातून चालू लागतात. सुहासचा आवाज येतो, "बाबा, दमलात का?" बाबा हाताने त्याला पुढे जायला सांगतात. एवढाच व्हिडिओ. मी तो रोज बघायचो. मंजिरी एकदा म्हणाली, "बघून बघून झिजेल तो." पण मी डोंगर बघत नव्हतो. वळणाच्या पुढे खडीचा रंग बदलला होता. ती गडद होती, ओलसर, मोकळी. आणि तिच्यावर एकच चाकोरी उमटली होती, सुहासच्या चाकाची.

बाबा दमले नव्हते. हे पृथ्वीवर फक्त मला कळलं होतं. त्या सगळ्या प्रवासात, जिथे मी नव्हतो, एवढी एक जागा माझी होती. मी ती कुणालाही दाखवली नाही. मंजिरीलाही नाही.

वर्षश्राद्धाला मला रजा मिळाली नाही. सुहास गावी जाऊन आला आणि परतताना दोन दिवस दोहात उतरला. शुक्रवारी समैस्माला जायचं ठरलं. त्याच्यासाठी ऑफिसातल्या इक्बालभाईंची सायकल मागितली. ते रत्नागिरीचे. चावी देताना म्हणाले, "भाऊ आल्प्सचा ना? त्याला सांगा, चढ हवा असेल तर फ्लायओव्हरवर जा. खलास, दुसरा डोंगर नाही आमच्याकडे." सुहास हसला. मला हसू आलं नाही.

सकाळ छान होती, वारा नव्हता. सुहास पुढे, मी मागे. तिवरांच्या अलीकडे नवे व्हिला बांधताहेत. तिथे वाटेवर ताजी खडी टाकली होती, काळी, जहाजातून आलेली. मी सवयीने उतरलो आणि सायकल घेऊन कडेच्या वाळूतून चालू लागलो. सुहास खडीतून पुढे गेला होता. त्याने वळून पाहिलं आणि ओरडला, "दादा, दमलास का?"

मग तो एकदम थांबला. सायकल तशीच टाकून माझ्याकडे चालत आला. चेहरा उतरला होता.

"बाबांनाही मी असंच विचारलं होतं," तो म्हणाला. "ते दमले होते, दादा. त्या वयात मी त्यांना सायकलवर बसवलं. उतरले तेव्हा तरी मला कळायला हवं होतं. त्याच्या पुढेही मी त्यांना चढावर नेलं. वर्षभर मला दुसरं काही सुचत नाही. तू विमानातून उतरून त्यांना पोचवलंस, आणि मी..."

मला त्याला ते सांगायचं नव्हतं, हे मी लिहून ठेवतो. क्षणभरच, पण नव्हतं. त्याच्याकडे बाबांबरोबरचे पंधरा दिवस होते, ती नदी होती, बाबांचं हसणं होतं. माझ्याकडे फक्त हे होतं. पण तो ऊन लागलेल्या मुलासारखा उभा होता, ओठ कोरडे पडलेले. मी खिशातून फोन काढला, व्हिडिओ लावला आणि बोट ठेवून त्याला खडीचा रंग दाखवला.

"ते दमले नव्हते रे. खडी नवी होती. कच्च्या मुरमावर ते चाक घालत नसत. ज्यांनी पसरलाय त्यांचा दिवस वाया जातो, म्हणायचे."

त्याने व्हिडिओ पुन्हा पाहिला. मग आणखी एकदा. "मला कधी म्हणाले नाहीत," तो म्हणाला. त्याच्या आवाजात मला माझाच सूर ऐकू आला.

"तुझ्या वेळी डांबर होतं," मी म्हणालो.

तो वाळूत खाली बसला. मी त्याच्याजवळ बसलो. समोर डोंगर नव्हता, पाणी होतं, तेही हलत नव्हतं. एसटी चुकल्यावर फाट्यावर बसलो होतो, त्यानंतर इतका वेळ कुणाशेजारी असा बसलो नव्हतो. मग वाटेच्या टोकापर्यंत जाऊन परत निघालो तेव्हा त्या खडीपाशी तो माझ्या आधी उतरला. जाताना पाडलेली चाकोरी त्याने बुटाने ढकलून बुजवली आणि कडेने चालू लागला.

आता तो परत गेला आहे. परवा रविवारी त्याचा रूट आला. डोंगर होते तसेच आहेत आणि माझा मत्सरही तसाच आहे. घर कुठलं, असं इथे कुणी विचारलं की मी भोर सांगतो. पण गावातलं घर बंद आहे आणि नदीकाठच्या डांबराखालचा मुरूम आता कुणाला आठवत नाही. रस्ता कच्चा असताना ज्या कडेने चालायचं ती कड, एवढंच घर माझ्याकडे उरलं होतं. त्यातली अर्धी मी भावाला दिली. द्यायलाच हवी होती. तरीही खरं सांगतो, मला ती एकट्याला हवी होती.