आसगरचा ट्वीटर

डेन्मार्कच्या यूटलंडमधल्या आमच्या या गावात निम्मी माणसं स्पीकरच्या कारखान्यातून निवृत्त झालेली. आसगर त्यातलाच. संशय त्याच्या हाडीमासी खिळलेला. पाववाल्याचा काटा, हवामानाचा अंदाज, पाद्रीबाईंचं हसू, कशावरच त्याचा भरवसा नव्हता. ट्वीटरच्या खोक्यावर छापलेल्या आकड्यांवर तर मुळीच नाही.

तो घरी स्पीकर बनवायचा. मोठ्या स्पीकरने आवाज कुठे सोडायचा आणि छोट्या ट्वीटरने कुठे उचलायचा, त्या क्रॉसओव्हरच्या आकड्यावरून त्याची आणि माझ्या नवऱ्याची, विग्गोची, कायम जुंपायची. विग्गो म्हणायचा, दोन हजार हर्ट्झवर आण, गाणाऱ्याचा गळा मोकळा होतो. आसगर अडीच हजारांच्या खाली उतरायला तयार नसे. ट्वीटर चिरकतो म्हणे. भांडायचे आणि शनिवारी आमच्याकडे कॉफी प्यायचे. आसगरला दुसरं कोणी उरलंच नव्हतं.

त्या हिवाळ्यात तो खुब्याच्या ऑपरेशनला गेला. फुलझाडांना पाणी घालायला घराची किल्ली विग्गोकडे. परत आल्यावर त्याने विग्गोसमोरच कार्नाची टेप लावली. कार्ना त्याची बायको, चर्चमध्ये गायची. तिला जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिचा आवाज त्याला पोकळ वाटला, मधोमध कोणी पोखरल्यासारखा. झालं. विग्गोने आपल्यामागे आकडा खाली ओढला, असं त्याच्या मनाने घेतलं. किल्ली परत मागितली, दुकानात चारचौघांत नको ते बोलला. शनिवार बंद पडले. मला इतका संताप आला की त्याचं तोंडही बघू नये. विग्गो मात्र गप्पच. मग खरं सांगते, मलाही विग्गोचा संशय येऊ लागला.

वसंतात आसगरने पुरावा दाखवायला आम्हाला बोलावलं. दोन्ही पेट्या उघडल्या. कॉइल जागच्या जागी, कपॅसिटर जागच्या जागी, सोल्डरचे डाग त्याच्याच हातचे. फक्त ट्वीटरच्या तारा उलट जोडलेल्या, आणि त्यांवर निळी चिकटपट्टी.

त्या पट्टीचा अर्थ मलासुद्धा ठाऊक होता. आकडा बरोबर बसला का, हे बघायला ट्वीटर मुद्दाम उलटा जोडतात. त्या जागी आवाजात खोल खड्डा पडला की जमलं. मग तारा पुन्हा सुलट करायच्या. विसरू नये म्हणून आसगर निळी पट्टी लावायचा. इस्पितळाचं बोलावणं आलं आणि तो विसरला.

आसगर विग्गोकडे वळला.

"तुला कळलं होतं?"

"टेप लावलीस तेव्हाच," विग्गो म्हणाला.

"मग बोलला का नाहीस?"

"तू विचारलंस कुठे? सरळ आळ घेतलास."

आसगरने तारा सुलट केल्या. कार्ना गाऊ लागली, अख्खी. त्याचा आकडा बरोबरच होता. त्याने खिशातून किल्ली काढून विग्गोपुढे ठेवली.

"नको," विग्गो म्हणाला. "उद्या झाडं सुकली तर तेही माझ्यावर येईल."

गाणं संपेपर्यंत किल्ली दोघांच्या मध्ये पडून होती. शेवटी मीच ती उचलून पर्समध्ये टाकली आणि आसगरला शनिवारी यायला सांगितलं.