पिराच्या दगडावर काय लिहिलं होतं

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी मी इतिहासात एम.ए. करत होते. श्रीगोंद्याकडच्या एका गावात, शेताच्या बांधाला लागून एका पिराची कबर होती. तिथे दिवा लावायचा मान एका शेतकरी घराकडे होता. पीर त्यांच्या खळ्यात जमिनीवर निजला आणि तिथेच गेला, म्हणून त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कुणी बाजेवर झोपत नसे. हे मला घरातल्या आजींनी सांगितलं आणि मी वहीत उतरवून घेतलं.

नगरच्या इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे खेड्यातल्या माणसांशी बोलताना माझी जीभ अडायची. सनावळ्या मात्र धीटपणे सांगता यायच्या.

कबरीच्या दगडावर फारसी अक्षरं होती. मी कागदावर त्यांचा ठसा घेतला, आमच्या सरांनी तो वाचून दिला. पुढच्या खेपेला आजींनी विचारलं, "बाबाचं काय लिवलंय गं त्यात? इतकी वर्सं दिवा लावतीय, पर वाचून कुनी दावलं न्हाई."

दगडावर आपल्या घराचं नाव असणार, अशी त्यांची खात्री होती.

मी सांगून टाकलं. तो फकीर नव्हता, नगरच्या किल्ल्यावरचा अंमलदार होता. किल्ल्यातच वारला, मग त्याला इथे आणून पुरलं. "खळ्यात झोपल्याचं त्यात काही नाही, आजी."

चुलीपाशी सून भाकरी थापत होती. तिचे दिवस भरत आले होते. "म्हंजी आमी उगंच पाठी मोडून घेतल्या व्हय?" ती म्हणाली.

दोन महिन्यांनी गेले, तर घरात दोन नव्या बाजा. एकीवर सून बाळाला घेऊन निजलेली. दुसरीवर बसलेला आजींचा मुलगा हसून म्हणाला, "या ताई. तुमच्यामुळं पाठ सरळ झाली." बाळंतिणीला बाज हवीच होती. पण कोपऱ्यात जमिनीवर आजींची एकटीच वाकळ पसरलेली होती, तिच्याकडे मला बघवेना.

दिवा लावायला त्यांनी मला सोबत नेलं. वात सारता सारता म्हणाल्या, "तुज्या वहीत आमचं ठिवलंस का खोडलंस?"

"ठेवलंय."

माझ्या निबंधात ते तळटीपेत होतं, एका ओळीत: स्थानिक समजूत, पुराव्याअभावी त्याज्य. सरांनी शेजारी 'उत्तम' असं लिहिलं होतं. एक अख्खं घर इतक्या पिढ्या जमिनीवर निजत आलं, हाही पुरावाच होता. तो मी कुठेच नोंदवला नव्हता.

"बरं केलंस," आजी म्हणाल्या आणि तेलाची वाटी माझ्यापुढे धरली. "आता घरातलं कुनी येत न्हाई संगं. आज तूच घाल."

मी मान खाली घालून तेल घातलं.