दगडी शाळेचा पाया

चुन्यात बांधलेल्या जुन्या भिंतीला तळहात टेकला, की भर चैत्रातही अंगात गारवा झिरपत जातो. कळस गावाजवळच्या आमच्या दगडी शाळेने हा गारवा मला विद्यार्थिनी म्हणून दिला आणि पुढे शिक्षिका म्हणूनही. तीच शाळा पाडायचे गेल्या वर्षी जवळजवळ ठरले, तेव्हा जिवाची केवढी घालमेल झाली! पण कौले फुटली होती, वासे कुजले होते, पावसाळ्यात वर्ग समोरच्या देवळात भरत होते. लेकरांच्या जिवापुढे माझ्या हळवेपणाची मातब्बरी ती काय?

पाहणीला इंजिनिअर आले, त्या दिवशी शेजारच्या मळ्यात तुळसाआक्का भेंडी तोडत होत्या. सत्तरी ओलांडलेल्या, पाठीत वाकलेल्या. भेंडीची पाटी बांधावर ठेवून त्या तडक आल्या.

"सायेब, वरचं छत काढा, पर भिताडाला हात लावू नगा. पाया पुरुषभर खोल हाय. मी धा वर्साची हुते, आयसंगं चुना वाहिलाय हितं."

इंजिनिअर हसले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. त्यांनी भिंतीलगत खणायला लावले. कंबरेइतके खणले, छातीइतके खणले, तरी घडीव दगड संपेना!

"आजी, भिंती राहतील," ते म्हणाले. आक्का मान हलवून पुन्हा भेंडीकडे वळल्या.

आयुष्य या शाळेत काढूनही तिचा इतिहास मला ठाऊक नव्हता, आणि तो तर बांधापलीकडेच राहत होता! कोनशिलेवरची नावे मी मुलांकडून पाठ करून घेतली होती. चुना वाहणाऱ्या हातांची चौकशी मला कधी का सुचली नसावी?

दिवाळीनंतर नव्या छताखाली वर्ग भरला. मुलांना शाळेची हकिकत सांगायला मी आक्कांना बोलावले. फळ्याजवळ खुर्ची मांडली. पण त्या दारातच थबकल्या.

"आक्का, या ना आत."

"येते वो बाई. शाळा उभी ऱ्हायली अन् आमी दुसऱ्या कामावर गेलो. आत बसायचं ऱ्हायलंच. सांगते समदं, पर आदी वाईच बसू द्या."

खुर्ची ओलांडून त्या पहिल्या बाकाशी गेल्या. दोन मुलींनी सरकून मध्ये जागा केली. एकीने आपले पुस्तक त्यांच्यापुढे उघडून ठेवले. मी हजेरी घेऊ लागले. शेवटचे नाव झाल्यावर वही मिटवेना. मी हाक दिली, "तुळसा."

बाकाला धरून आक्का उभ्या राहिल्या.

"हाय, बाई."