वडशाच्या नाटक ऑफिसात रुखमाबाई

रुखमाबाईचा पटकन कोणावर विश्वास बसत नसे. डॉक्टरने गोळी दिली तर ती कशाची, हे ती कंपाउंडरलाही विचारायची आणि दोघांची उत्तरं जुळली तरच गिळायची. लग्नानंतर नवरा श्रावण पहिल्यांदा "शेतावर जाऊन येतो" म्हणून निघाला, तेव्हा ती अर्ध्या वाटेपर्यंत त्याच्या मागे गेली होती. तो हे अजून हसत सांगतो. ती हसत नाही.

अशा बाईच्या लेकीने, करिश्माने, वडशाच्या लहानशा कॉलेजात कम्प्युटर सायन्स घेतलं. कॉलेज म्हणजे एकच इमारत. खाली कला, वर विज्ञान, आणि जिन्यात सगळी एकत्र. वर्गात पोरं इतकी मोजकी की सर प्रत्येकाच्या घरची म्हैस व्यायली का हेही विचारत. तिथली रीत अशी, की शेवटच्या वर्षी प्रत्येकाने गावातलं एखादं चालू काम निवडायचं, तिथे बसून ते समजून घ्यायचं आणि मग त्या कामाला उपयोगी पडेल असा प्रोग्राम लिहायचा. माणसांना प्रश्न कसे विचारावेत, हे शिकवायला इतिहासाच्या मॅडम होत्या.

"कम्प्युटरवालीले इतिहासाची मॅडम कायले?" रुखमाबाईने तेव्हाच विचारलं. करिश्माने समजावून सांगितलं. रुखमाबाईने नुसती मान हलवली, म्हणजे पटलं नव्हतं.

दिवाळी झाली. झाडीपट्टीत, म्हणजे विदर्भाच्या या पूर्व टोकाला, गावोगाव मंडईची जत्रा भरू लागली आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. वडशाला नाटक कंपन्यांची ऑफिसं ओळीने आहेत. गावची मंडळं तिथे येऊन तारखा ठरवून जातात. एक दिवस शेजारच्या आशाबाई कुंपणापाशी थांबल्या.

"रुखमा, तुही करिश्मा नाटकवाल्याच्या हाफिसात दिसली मले."

"कॉलेजचं काम असन."

"काऊन, नाटकाचं कॉलेज हाय का ते?"

रुखमाबाईने धान पाखडणं थांबवलं नाही, पण सुपातले दाणे बाहेर सांडले. लेकीला तिने काही विचारलं नाही. विचारलं की समोरच्याला उत्तर तयार करायला वेळ मिळतो, असं तिचं मत. तिने फक्त कान उघडे ठेवले. दुसऱ्याच दिवशी करिश्मा अंगणात फोनवर म्हणत होती, "भाऊ, हिरोईन त्या तारखेले मोकळी हाय का?"

बस्स. रुखमाबाईने श्रावणला सांगून टाकलं, "पोरगी स्टेजवर उभी राहत असन तं शिक्षण बंद. घुग्घुसच्या वन्संनी पोरगा सांगितलाच हाय, सिमेंटच्या कारखान्यातला."

"आधी पाह्य तं खरं," श्रावण म्हणाला. पाहायला तिला सांगावं लागत नसे.

ती एसटीने वडशाला गेली. रंगीत फलकांच्या ओळीत 'रानपाखरू नाट्य मंडळ' अशी पाटी होती, आणि उघड्या दारातून करिश्माची ओढणी दिसत होती. रुखमाबाई शेजारच्या पानठेल्याआड उभी राहिली. करिश्मापुढे लॅपटॉपवर कलाकारांच्या तारखांचा तक्ता होता आणि समोर कंपनीचा मालक नागसेन.

"भाऊ, तुमी सांगितलं तसंच टाकलं," करिश्मा म्हणत होती, "पण हिरो एकाच रातीले सिंदेवाहीले बी हाय अन् सिरोंच्याले बी. सर म्हणतात, प्रोग्राम बरोबर हाय, माहिती तपास. पुढच्या हप्त्यात परीक्षकापुढं ठेवायचं हाय जी. असंच दाखवलं तं नापास करतीन."

"मंग तुह्या मशीनले समजत नसन," नागसेन पंख्याकडे पाहत म्हणाला.

पोरीचा आवाज रडवेला झाला होता. पण रुखमाबाईची नजर नागसेनवर होती. तारीख सांगताना तो पंख्याकडे पाही, नाव सांगताना दाराकडे. पोरीकडे एकदाही नाही. आशाबाईंनी "आज काय रांधलं?" विचारलं की ती स्वतः अशीच चुलीकडे बघून वरण सांगे, शिजत कोंबडी असली तरी.

ती सरळ आत गेली.

"आई! तू इथी?"

"गप. काऊन जी, पोरीले खोटं काऊन सांगून राह्यले?"

"तुमी कोण, बाई?"

"इची माय."

नागसेन जरा सावरून बसला. "मंग सांगतो. सीझन सुरू हाय. हे पोरगी येते अन् कोणता कलाकार कधी मोकळा, एवढंच विचारते. बाजूच्या कंपनीनं धाडली असन तं? माह्या हिरोले उचलून नेतीन!"

"मी कॉलेजचं कार्ड दाखवलं होतं तुमाले," करिश्मा म्हणाली.

"कार्ड कोणीबी छापते."

हे रुखमाबाईला पटण्यासारखं होतं. "अन् मले वाटलं, हे तुमच्या नाटकात नाचून राह्यली," ती म्हणाली.

करिश्माने लॅपटॉप खाडकन मिटला. "मले विचारता नाई आलं का तुले?"

"विचारलं असतं तं सांगितलं असतं?"

"नाई. नाटक म्हटल्याबरोबर तू कॉलेज बंद केलं असतं."

खुर्ची ओढून रुखमाबाई दाराशी बसली. "उघड ते. भाऊ, आता खरं सांगा. दुसऱ्या कंपनीची माणसं मायले घेऊन येत नाईत."

नागसेनने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, उठून दार लोटलं आणि हळू आवाजात खऱ्या तारखा सांगू लागला. करिश्मा भरत गेली. सगळं सुरळीत बसलं. फक्त एका गायिकेच्या नावापुढे लाल खूण राहिली. एकाच रात्री दोन गावं.

"आता बी मशीन चुकली?" रुखमाबाईने विचारलं.

नागसेनने आधी तारीख पाहिली, मग फोन उचलला. "प्रवीण! मले न विचारता नवरगावले कोणाले कबूल करून बसला बे?" धाकट्या भावाला तो बराच वेळ झापत होता. दोन गावांपैकी एका मंडपात गायिकेविना खुर्च्या फेकल्या गेल्या असत्या, हे खोलीतल्या तिघांनाही कळलं.

स्टँडवर एसटीची वाट पाहताना करिश्माने विचारलं, "आता तं पटलं?"

"तुह्या कम्प्युटरचं पटलं. त्या नागसेनचं नाई. परीक्षा होईस्तोवर मी येत जाईन सोबत."

आणि तिथूनच तिने घुग्घुसला नणंदेला फोन लावला. "वन्सं, त्या पोराले दुसरी पाहा म्हणा. आमची शिकून राह्यली."

पलीकडे नणंदेने आवाज बारीक केला. "काऊन वहिनी? पोरीचं काही लफडं हाय का? लपवू नका."

रुखमाबाईची कानशिलं तापली. माझ्या पोरीवर शक घेणारी ही कोण?

"कम्प्युटर हाय," ती म्हणाली आणि फोन ठेवून दिला.